पोलीस ठाण्यात पैसे मागितले तर काय करायचं, आणि हे थांबत का नाही

प्रश्न असा आहे: तक्रार घेऊन ठाण्यात गेलं की ‘अर्ज देऊन जा’ म्हणतात, चार हेलपाटे झाले की कुणीतरी हळूच आकडा सांगतं. अशा वेळी सामान्य माणसाने नेमकं काय करायचं? आणि एवढे निकाल, कायदे, प्राधिकरणं झाली तरी हे थांबत का नाही? हे उत्तर महाराष्ट्रापुरतं आहे.

लाच मागायला जागा लागते, आणि ती जागा तयार होते नोंद न झालेल्या वेळेत. तुम्ही ठाण्यात पाऊल टाकल्यापासून गुन्ह्याला नंबर पडेपर्यंतचा हा वेळ जितका लांबतो तितका सौदा पिकतो. म्हणून ‘अर्ज’ आणि ‘फिर्याद’ यांतला फरक आधी नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात.

फिर्याद नोंदली गेली की गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, नोंद संगणक प्रणालीत चढते, तपासी अंमलदार ठरतो आणि अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. त्यानंतर कागद गायब करणं अवघड असतं. अर्जाला यातलं काहीच लागू होत नाही. फार तर आवक नंबर पडतो. मग अर्ज बीट अंमलदाराकडे ‘चौकशीवर’ जातो आणि समोरच्या पार्टीला फोन जातो: ‘तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय, येऊन भेटा.’ आता दोन्ही पार्ट्या टेबलासमोर बसलेल्या असतात. एकाला गुन्हा दाखल व्हायला हवा असतो, दुसऱ्याला तो व्हायला नको असतो, आणि दोघांच्याही इच्छेला किंमत लावता येते. तोडपाणी म्हणतात ते हेच. यात खोटा कागद करावा लागत नाही, फक्त खरा कागद लांबवावा लागतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलं की माहितीवरून दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) दिसत असेल तर प्रथम खबर, म्हणजे एफआयआर किंवा वर सांगितलेली फिर्याद, नोंदवणं बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने त्यात आणखी काही गोष्टी पक्क्या केल्या. घटना कुठेही घडली असली तरी खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, म्हणजे ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे कारण संपलं. खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंद झाल्यावर प्रत विनामूल्य मिळते. झेरॉक्सचे म्हणूनही पैसे द्यायचे नाहीत.

‘आधी चौकशी करू, मग बघू’ याला आता मर्यादा आहे. ज्या गुन्ह्याला ३ वर्षं किंवा जास्त, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यातच उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने प्राथमिक चौकशी करता येते आणि तीही १४ दिवसांत संपवावी लागते. ललिता कुमारी निकालातही कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जीपणा अशा मोजक्या प्रकारांत प्राथमिक चौकशीला वाव आहे. म्हणून ‘चौकशी चालू आहे’ असं उत्तर मिळालं तर एवढंच विचारा: परवानगी कोणाची आणि कोणत्या तारखेची? आवाज चढवू नका. या एका प्रश्नाने समोरच्याला कळतं की तुम्हाला वाट माहीत आहे.

आता कागद कसा करायचा ते पाहू. तक्रार घरीच लिहा, दोन प्रतींत. काय घडलं ते क्रमाने लिहा: तारीख, वेळ, जागा, कोण होतं, कोण काय बोललं, काय गेलं, साक्षीला कोण. विशेषणं टाळा. कलमं लिहायच्या भानगडीत पडू नका. चुकीचं कलम लिहिलं की त्यावरच वाद घालून तुम्हाला परत पाठवता येतं. शेवटी लिहा की ही दखलपात्र गुन्ह्याची खबर आहे, कलम १७३ प्रमाणे नोंदवून प्रत द्यावी. दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव घ्या. शिक्का नुसता मारून देतात आणि तारीख टाकत नाहीत, तिकडे लक्ष ठेवा. तारखेशिवाय पोच निरुपयोगी आहे.

पोच देतच नसतील तर तिथूनच ११२ ला फोन लावा आणि तक्रार घेत नाहीत एवढं सांगा. त्या फोनची स्वतंत्र नोंद होते आणि ती ठाण्याच्या हातात नसते. त्याच दिवशी तक्रार स्पीड पोस्टाने पोच मागवून ठाण्याला पाठवा. मग कलम १७३(४) प्रमाणे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी द्या. आयुक्तालय असेल तिथे परिमंडळाच्या उपायुक्तांना द्या. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज करता येतो, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. हे अर्ज मोठ्या प्रमाणावर एकाच कारणाने अडतात: अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा जोडलेला नसतो. पोस्टाची पावती हरवली म्हणून सहा महिने वाया जातात. पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

मारहाणीच्या प्रकरणात आणखी एक खोच आहे. साधी दुखापत अदखलपात्र असते, म्हणून ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन रवाना करतात. पण धोकादायक हत्याराने केलेली दुखापत आणि गंभीर दुखापत दखलपात्र आहे. हाड मोडणं, दात पडणं हे गंभीर दुखापतीत येतं. १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा नेहमीची कामं करता आली नाहीत तर तेही येतं. याचा निर्णय ठाण्याच्या टेबलावर होत नाही, वैद्यकीय प्रमाणपत्रावर होतो. पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीसाठी रुग्णालयाला द्यायचं पत्र, मिळाली नाही म्हणून थांबू नका. आधी सरकारी रुग्णालयात जा. डॉक्टर उपचारही करतात आणि वैद्यकीय-न्यायिक नोंदही करतात. मोबाईलचंही तसंच आहे. खिशातून उचलला असेल तर ती चोरी आहे, पण ‘गहाळ’ असं लिहून दाखला हातात देतात. तो दाखला सिमकार्ड काढायला उपयोगी पडतो, चोर शोधायला नाही. हे का करतात ते शेवटी येईल.

फिर्यादीच्या पुढे सगळ्यात जास्त विकली जाणारी गोष्ट म्हणजे अटकेची भीती. ‘आज रात्री उचलावं लागेल, वरून दबाव आहे, बघा काय ते.’ अर्नेश कुमार प्रकरणात २ जुलै २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अटक का हवी याची कारणं लिहावी लागतात, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस. ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं. नोटीस मिळाली तर जरूर जा, गेल्याची नोंद करून घ्या, सांगितलेले कागद द्या आणि त्यांचीही पोच घ्या. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पुन्हा कारणं लिहावी लागतात. अटक झालीच तर अटक पंचनाम्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी आणि २४ तासांत न्यायालयासमोर हजर करणं, या चार गोष्टी झाल्या की नाही ते बघा आणि झाल्या नसतील तर पहिल्याच रिमांडला न्यायाधीशांना तोंडी सांगा. वकील नसला तरी सांगता येतं.

जप्त गाडी सोडवायलाही ठाण्यात पैसे मोजले जातात. ज्या गोष्टीचा अधिकार ठाण्याला नाही तिच्यासाठी ही किंमत आहे. मुद्देमाल परत द्यायचा आदेश न्यायालय देतं. गुन्ह्याचा नंबर, गाडीचे कागद आणि विमा जोडून अर्ज करा. पासपोर्टच्या पडताळणीचा खर्च तुमच्या अर्जाच्या शुल्कातच असतो. घरी आलेल्या अंमलदाराला चहा द्या, पाकीट देऊ नका.

आता आकडा सांगितला गेलाच आहे असं धरू.

त्या क्षणी भांडू नका, नकार देऊ नका आणि ‘किती द्यायचे बोला’ असंही म्हणू नका. ‘जमवायला दोन दिवस द्या’ एवढं पुरे. मग १०६४ वर फोन करा किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कार्यालयात थेट जा. राज्यात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड असे आठ परिक्षेत्र आहेत आणि जिल्ह्याजिल्ह्यात त्यांची पथकं आहेत. आपल्याच तालुक्यात बोभाटा होईल अशी धास्ती असेल तर परिक्षेत्र कार्यालयात जा.

तिथे पहिली पायरी असते पडताळणी. तुमच्याजवळ आवाज टिपणारं यंत्र देतात, सोबत सरकारी पंच असतो आणि तुम्ही नेहमीसारखं बोलायला जाता. मागणी त्याच्या तोंडून यायला हवी. ‘साहेब, माझ्या कामाचं काय?’ एवढं विचारून गप्प राहायचं. गप्प राहणं लोकांना फार जड जातं. घाबरून ते स्वतःच म्हणतात, ‘पाच आणलेत, घ्या,’ आणि तिथेच प्रकरण लंगडं होतं, कारण न्यायालयात आधी मागणी सिद्ध करावी लागते. नोटा सापडणं पुरेसं नसतं.

मागणी पक्की झाली की सापळा. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहितात. नोटांना अँथ्रासीनची पावडर लावतात. ती साध्या उजेडात दिसत नाही, अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. काही ठिकाणी फिनॉल्फ्थेलीन वापरतात, मग सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बोटं बुडवली की पाणी गुलाबी होतं. निघण्याआधी पथकातल्या सगळ्यांचे हात दिव्याखाली तपासतात, म्हणजे पावडर आमच्याकडून लागली असं पुढे कुणी म्हणू नये. नोटा तुमच्या खिशात पथकातलाच माणूस ठेवतो. तुम्ही त्यांना मध्ये हात लावायचा नाही, मागितल्यावरच काढून द्यायच्या आणि मग ठरलेली खूण करायची: रुमालाने तोंड पुसणं, डोक्यावरून हात फिरवणं, असं काहीतरी. सापळ्यात गेलेली रक्कम विभाग तुम्हाला नंतर परत करतो.

सापळे फसतात त्याची कारणं ठरावीक आहेत. बातमी फुटते. तुमच्या बोलण्यात अचानक फरक पडतो आणि समोरचा सावध होतो. किंवा तो पैसे हातात घेतच नाही: ‘खाली टपरीवाल्याकडे ठेवा’, ‘ह्या नंबरवर पाठवा’. खासगी माणसामार्फत घेतलेली लाचसुद्धा लाचच, पण तो माणूस आणि अधिकारी यांचा दुवा रेकॉर्डिंगमध्ये यायला हवा. म्हणून ‘त्यांच्याकडे दिले की तुमचं काम झालं ना, असं समजू का?’ हे अधिकाऱ्यालाच विचारून घ्यायचं. आधीच फोनवर रेकॉर्ड केलं असेल तर मूळ फाईल त्याच फोनमध्ये तशीच ठेवा. कापू नका, नाव बदलू नका. न्यायालयात ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह जाते आणि मूळ फोन लागू शकतो.

पैसे देऊन बसला असाल तरी वाट बंद नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, पण जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि ७ दिवसांच्या आत तुम्ही कळवलं तर तुमच्यावर तो लागत नाही. आठवा दिवस उजाडू देऊ नका. आणि एकदा फिर्याद दिल्यावर काम झालं म्हणून साक्ष फिरवू नका. डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात घटनापीठाने सांगितलं की फिर्यादी फितूर झाला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध होऊ शकते. म्हणजे खटला चालूच राहील, फक्त तुमचं नाव फितूर म्हणून नोंदलं जाईल.

पुढचं चित्र मात्र निराश करणारं आहे. निलंबन होतं, फोटो छापून येतो. पण तीन महिन्यांत आरोपपत्र दिलं नाही तर निलंबन लांबवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे. माणूस अकार्यकारी पदावर परत येतो आणि खटला रेंगाळतो. खटल्याच्या मंजुरीला कायद्याने ३ महिने आणि गरज पडल्यास आणखी १ महिना दिलेला आहे, खटला २ वर्षांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असंही लिहिलं आहे. पण मुदत उलटली म्हणून कुणाला जाब द्यावा लागत नाही. त्यात लाचलुचपत विभागातले अधिकारी पोलीस दलातूनच प्रतिनियुक्तीवर येतात आणि तिथेच परत जातात. आज ज्याला पकडलं त्याच्या बॅचमेटच्या हाताखाली उद्या काम करायचं असतं. हाँगकाँगमध्ये हेच दुखणं होतं. तिथला लाचविरोधी विभाग पोलीस दलातच होता, १९७३ मध्ये चौकशी चालू असलेला एक वरिष्ठ पोलीस अधिकारी देश सोडून पळाला आणि लोक रस्त्यावर आले. फेब्रुवारी १९७४ मध्ये तो विभाग पोलिसांपासून तोडून स्वतंत्र आयोग केला गेला. आपल्याकडे स्वतंत्र भरती असलेली यंत्रणा अजून नाही आणि मला ही सगळ्यात मोठी उणीव वाटते.

पोलीस तक्रार प्राधिकरण हा वेगळा रस्ता आहे. सापळा लावण्याची जागा ती नव्हे. कोठडीतली मारहाण, बेकायदा डांबून ठेवणं, खंडणी, जागा बळकावण्यात पोलिसांचा हात अशा तक्रारी तिथे न्याव्यात. पोलीस सुधारणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेल्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन राज्य आणि विभाग पातळीवर ही प्राधिकरणं आली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. कमतरता शेवटच्या टप्प्यावर आहे: अहवाल सरकारकडे जातो आणि सरकार कारणं लिहून तो नाकारू शकतं.

तिथे गेलात की पहिला मुद्दा येतो सीसीटीव्हीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे प्रवेशद्वार, कोठडी, कॉरिडॉर, निरीक्षकांची खोली, सगळीकडे आवाजासह कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, किमान १ वर्ष जपायला हवं. कॅमेरा बंद पडला तर तसं जिल्हा देखरेख समितीला कळवण्याची जबाबदारी ठाणे प्रभारीची आहे. म्हणून घटनेनंतर दोन-तीन दिवसांतच लेखी द्या: अमुक तारीख, अमुक ते अमुक वेळ, अमुक जागेचं चित्रण जतन करावं. ‘तांत्रिक बिघाड होता’ असं उत्तर आलं तर माहिती अधिकारात बिघाड कळवल्याच्या पत्राची प्रत मागा. ते पत्र नसेल तर बिघाडाची कथा तुमच्या बाजूचा पुरावा होते.

आता थांबत का नाही याचं उत्तर. ठाण्यातला हप्ता ठाण्यात सुरू होत नाही, बदलीत सुरू होतो. २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे निरीक्षकाला एका ठाण्यात साधारण २ वर्षं मिळायला हवीत, अंमलदाराला एका ठिकाणी ५ वर्षं. पण कलम २२-एन मध्येच ‘अपवादात्मक परिस्थिती, लोकहित, प्रशासकीय निकड’ या शब्दांनी मुदतपूर्व बदलीला दार उघडं ठेवलं आहे. सहा महिन्यांत उचलबांगडी होऊ शकते हे ज्याला माहीत आहे तो सहा महिन्यांचाच हिशेब मांडतो. मलईदार ठाण्यासाठी ज्याने वजन वापरलं, त्याला ते वसूलही करायचं असतं. म्हणून जिल्ह्यातल्या जाणत्या मंडळींनी माहिती अधिकारात वर्षाला एकदा मागावं: मुदतपूर्व बदल्या किती, प्रत्येकीचं लेखी कारण काय, बदल्या ठरवणाऱ्या पोलीस आस्थापना मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त द्या. नावं नकोत, कारणं हवीत. प्रत्येक ओळीत ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढंच असेल तर तेच छापा.

दुसरं कारण खर्चाचं. आरोपीला परजिल्ह्यातून आणायचं भाडं, बेवारस मृतदेह हलवायला गाडी, कोठडीतल्या माणसाचं जेवण, कागद, टोनर. हे पैसे वेळेवर मिळत नाहीत, अंमलदार खिशातून घालतो किंवा ‘कुणाकडून तरी’ भागवतो. त्या ‘कुणाकडून तरी’ मधून वसुलीवाला जन्मतो. यात लाचेचं समर्थन मुळीच नाही, पण ठाण्याला खर्चाचा आगाऊ निधी न देता स्वच्छतेची अपेक्षा करणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणं. बारा-चौदा तासांची ड्यूटी हाही त्यातलाच भाग. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तो याच जाणिवेतून.

आणि तिसरं, ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं: गुन्हे आढावा बैठक. दर महिन्याला वरिष्ठ विचारतात, ‘चोऱ्या वाढल्या कशा?’ वाढलेल्या आकड्याचा जाब प्रभारीला द्यावा लागतो, न नोंदलेल्या गुन्ह्याचा कुणालाच नाही. मग चोरी ‘गहाळ’ होते, फिर्याद ‘अर्ज’ होते आणि वर सांगितलेली बिनानोंदीची जागा दलाच्या हिशेबातूनच तयार होते. पैसे खाणारा तिथे फक्त येऊन बसतो. यावर उपाय स्वस्त आहे. चोरी, मारहाण, छेडछाड यांसाठी ११२ वर आलेले फोन ठाणेनिहाय मोजा, त्याच महिन्यात त्या ठाण्यात नोंदलेले गुन्हे शेजारच्या रकान्यात लिहा, गहाळ दाखले तिसऱ्या रकान्यात आणि प्रलंबित अर्ज, वयासह, चौथ्यात. फोन ऐंशी आणि गुन्हे सहा असतील तर बैठकीत त्या प्रभारीला उभं करा. हा तक्ता करायला पोलीस अधीक्षकांना कोणाच्या परवानगीची गरज नाही, एका अंमलदाराचा अर्धा दिवस लागतो.